आडव्या टाक्यावाल्या बाया

गोधडी शिवणाऱ्या चार बाया एका सतरंजीवर बसल्या की चिंध्या आणि किस्से सारख्याच वेगाने साठतात. चिंध्यांचं बरं असतं, पेटीत कोंबायच्या आणि झाकणावर बसायचं. किश्श्यांवर कसं बसणार? म्हटलं, माझं वय बघता थोडे मांडूनच टाकावेत.

आमचं मंडळ भिलाईत, सेक्टर ६ मध्ये, माझ्या मुलाच्या स्टील प्लांटच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात, दर गुरुवारी दुपारी बसतं. नाव 'आडवा टाका'. नाव मीच ठेवलं. लोक आम्हाला आडव्या म्हणणारच होते, आपणच आधी म्हणून घेतलेलं बरं! आम्ही चौघी. एक मी. दुसरी पुष्पा, मरोद्याहून स्कूटीवर येते, सगळ्यात लहान, म्हणजे नुकतीच आजी झालेली. तिसरी विमल, चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतून लोकलने येते. आणि चौथी गोदावरी, चार गल्ल्या पलीकडची.

मला शिवण कोणी शिकवलं नाही, गोदावरीलाही नाही. पण माझं शिवणं म्हणजे कापडाशी भांडण. तिचं वेगळं. गोधडीची गाठ नेहमी थरांच्या पोटात दडवायची असते, झोपणाऱ्याला टोचू नये म्हणून. माझ्या गाठी पाठीला लागतात. तिची गाठ मला इतक्या वर्षांत एकदाही सापडली नाही. तिचं काम बघितलं की माझं तोंड बंद होतं, आणि माझं तोंड बंद करणारी दुसरी वस्तू भिलाईत नाही, विचारा कोणालाही!

नियम आम्ही सगळे मोडले. कोपरे जुळवत नाही, रेघ मारत नाही. एकच नियम ठेवला: घातलेला टाका उसवायचा नाही. चुकला तर चुकला, तिथून पुढे जायचं.

गोदावरीचा मात्र आणखी एक, स्वतःपुरता नियम होता. तिला काचबिंदू. डॉक्टरने साफ सांगितलेलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेलीही हळूहळू जाईल. हे तिने आम्हाला सुई ओवता ओवता सांगितलं आणि वरून म्हणाली, "ज्या दिवशी मी इथं नुसती चहा प्याले येईन, त्या दिवसापासून मी येणार नाई. दयेच्या सतरंजीवर मी बसत नसतो, वैनी."

मी वैनी. पुष्पा मला काकू म्हणते.

*

आमच्या ह्यांची पॅन्ट.

मी एकदा खिसेवाली गोधडी काढली. घरातल्या जुन्या पॅन्टी आणल्या, खिशांसकट कापल्या, जोडल्या. कशाला खिसे, असं विचारणाऱ्याला मी उत्तर देत नाही.

दुर्गला लग्न होतं. हे कपाटासमोर उभे. "माझी करडी पॅन्ट कुठं हाय वो?"

मी दाताने दोरा तोडत बसले.

गोदावरीने मान वर न करता सांगितलं, "भाऊजी, तिसऱ्या ओळीत पाहा. डाव्या हाताले."

हे तणतणत आले. पॅन्ट सापडली. सवयीने खिशात हात घातला, तर आत चष्मा! आठ दिवस अख्ख्या ब्लॉकवर संशय घेऊन झाला होता, आणि तो डबीसकट खिशातच, मी न बघता चारी बाजूंनी टाके घातलेले. ह्यांनी चष्मा डोळ्यावर चढवला, गोधडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि म्हणाले, "मस्त दिसून राहिली. पण माझी पॅन्ट काढ."

आम्ही चौघी एका सुरात, "उसवायचं नाई!"

लग्नाला मुलाची पॅन्ट घालून गेले. आता तीच गोधडी पांघरतात. एका खिशात पेपर, दुसऱ्यात तंबाखूची डबी. उठायचं कामच उरलं नाही म्हणतात!

*

एकदा क्लबात शहरातून एक बाई शिकवायला आल्या. 'मॉडर्न क्विल्टिंग'. टेबलावर रेघारेघांची चटई, त्यावर फूटपट्ट्या, आणि पिझ्झा कापतात तसलं एक चाक. आम्ही चौघी पहिल्या रांगेत.

बाई हिंदीत समजावत होत्या, "देखिए, चारों कोने एक पॉइंट पर मिलने चाहिए. यही असली बात है."

पुष्पाने हात वर केला. "मॅडम, हमारे घर के चार लोग एक टाइम पे खाने को नहीं मिलते, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट, अन् एक का मोबाइल. कोने कहाँ से मिलेंगे?"

बाई इतक्या हसल्या की चाक खाली पडलं. पुढच्या गुरुवारी पाहतो तर आमच्या व्हरांड्यात हजर, मांडी घालून. निघताना त्यांनी फूटपट्टी विमलला भेट दिली. विमल तिने पाठ खाजवते.

*

हा विमलचाच.

मोठी गोधडी असली की आम्ही चारी बाजूंनी बसतो आणि मधल्या दिशेने शिवत जातो. बोलण्याच्या नादात कोणाचं लक्ष नव्हतं. विमलला पाचची लोकल. ती उठली, आणि तिच्यासोबत गोधडीही उठली! पुष्पाने तिचा पदर हातभर गोधडीत शिवून टाकलेला, चांगल्या बारीक टाक्यांनी.

"उसव वो लवकर! गाडी जाते माझी!"

पुष्पाने सुई पुढे केली, तेवढ्यात सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. नियम कोणाचा? आपलाच. विमल रेल्वेवाल्याची बायको, तिला नियम कळतो. तिने गोधडी उचलली, खांद्यावर टाकली, पदर ओढला आणि ऑटोत बसली. पॉवर हाऊस स्टेशन, जिना, लोकल, सगळं तशीच! डब्यात एका पोराने उठून जागा दिली, "माताजी, तबियत ठीक नहीं है क्या?"

विमल म्हणाली, "तबियत ठीक है बेटा. मंडळ खराब है."

पुढच्या गुरुवारी ती गोधडी परत घेऊन आली. लुगडं कापलं, पण पदर तसाच गोधडीत, जरीच्या काठासकट. मी ती गोधडी कोणालाही पांघरायला देत नाही. गोदावरीने त्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा काठ बोटाले वाचता येते." तेव्हा मला वाटलं, उगाच काहीतरी बोलून राहिली.

*

बाळाच्या गोधडीत काळं कापड घालायचं नाही, अशी आमच्याकडे पद्धत. पुष्पाने नातवासाठी अख्खी काळी गोधडी शिवली! मध्ये एकच पट्टा, नारिंगी, एका कडेने लाल होत गेलेला, वाकडातिकडा.

बारशाला विहीणबाई गोधडी बघून पाळण्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. "हे अपशकुनी पांघरूण माझ्या घरात नाई!"

पुष्पाचा जावई फर्नेसवर. नुकताच फर्स्ट शिफ्ट करून आलेला, अंगावर धूळ. तो गोधडीजवळ गेला, आणि उभाच राहिला. कोणी हाक मारली, त्याने ऐकलं नाही. मग इथली पोरं घरीही बोलतात तसं हिंदीतच आईला म्हणाला, "अम्मा, ये तो मेरी भट्टी है. टॅपिंग के टाइम, पिघला लोहा निकलता है ना, ऐसाच दिखता है." त्याने बाळाला उचललं, गोधडीवर ठेवलं आणि त्याला म्हणाला, "देख. तेरे पप्पा यहाँ रहते हैं दिनभर."

विहीणबाई बाजूला झाल्या. जेवताना त्यांनी पुष्पाला हळूच विचारलं, "माझ्यासाठी एक होईन का? एवढी काळी नको."

*

पुढचा किस्सा हसायचा नाही.

गोदावरीचे टाके वाहायला लागले. सरळ निघायचे आणि पावसात मुंग्यांची रांग मोडावी तसे विखरायचे. पुष्पाच तिला स्कूटीवर आणायची, सोडायची. एकदा तिने गोदावरीचा भाग घरी नेला, सगळे टाके काढले आणि नव्याने, अगदी गोदावरीसारखे घातले. जीव लावणारी पोर ती. तिला वाटलं, कळणार नाही.

गुरुवारी गोदावरीने गोधडी मांडीवर घेतली. बोट फिरवलं. थांबलं.

"हा टाका माझा नाई. कोणं उसवलं?"

पुष्पा रडायलाच लागली. "मावशी, लय वाकडा जाऊन राहिला होता वो..."

"वाकडा होता, पण माझा होता! डोळे माझे चालले, पुष्पे. तू हात कावून काढून घेते?"

गोदावरीने सुयांची डबी उचलली. स्कूटीवर बसली, पण घराशी उतरताना पुष्पाला म्हणाली, "आता गुरुवारी नको येऊ घ्याले."

तिची जागा रिकामी राहिली. आम्ही सतरंजीवर सरकून बसलो नाही, ती जागा तशीच. तिच्या घरी गेलो तर ती दारातूनच, "काम करून राहिली. नंतर या." एकदा विमल एकटी जाऊन आली आणि पायरी चढायच्या आधीच, कोणी मेल्याची बातमी द्यावी तशी बोलली, "वैनी, खिडकीतून पाहिलं मी. गोदावरी गाठी वरून मारून राहिली. सगळ्या वर! उघड्या!"

गोदावरीची गाठ, आणि वर? मला वाटलं, संपलं.

पुष्पा म्हणाली, "अन् सुनेचा हात धरून गल्लीत फिरते, काकू. मधेच थांबते, भिंतीले हात लावते, झाडाले हात लावते. मी हाक मारली तर ओ नाई दिली."

चहा गार झाला. दयेच्या सतरंजीवर आता आम्हीच बसलो होतो.

*

आणि हा शेवटचा.

कडुनिंबाची पानं गळत होती, म्हणजे मार्च असावा. गुरुवार. तिघी बसलेल्या, सुया हातात, शिवत कोणीच नव्हतं. पुष्पाचं लक्ष रस्त्याकडे. ती अचानक उभी राहिली.

गल्लीच्या तोंडाशी गोदावरी. एकटी. काठी नाही, सून नाही. सून मागे, पार कोपऱ्यावर, पदर तोंडात धरून उभी. गोदावरीच्या गळ्यात मफलरसारखा एक पट्टा, गोधडीचा, वीतभर रुंद आणि इतका लांब की कमरेला दोन वेढे घेऊनही टोक हातात होतं. ती पट्ट्यावर बोटं चालवत होती आणि पाय बोटांच्या मागून येत होते. बोटं थांबली की पाय थांबायचे. उजवीकडे वळली. स्पीड ब्रेकरच्या आधी पाऊल उचललं, नंतर नाही, आधी!

पुष्पा धावायला निघाली. मी तिची ओढणी धरली. "बस खाली!"

"काकू, पडन वो ते!"

"बस म्हणते ना!"

कडुनिंबापाशी तिने हात पुढे केला. खोड तिथेच होतं. फाटक उघडलं. पायऱ्या चढली. सतरंजीवर आली, आणि आपल्या जागेवर बसली.

तिने पट्टा सोडवला आणि आमच्या मांड्यांवरून लांब पसरला. मी डोळे मिटले. बोटाखाली आधी मऊ, धुवून धुवून विरलेलं धोतर, तिच्या नवऱ्याचं. मग गाठींची ओळ, आडवी, टोचणारी.

विमल पुटपुटली, "स्पीड ब्रेकर?"

पुष्पाला जाड दोऱ्यांचा झुबका लागला. "मावशी! हा नीम!"

"बोलू नका," गोदावरी म्हणाली. "वाचा."

मी वाचत गेले. शेवटाला बोट एका खरखरीत, जाडजूड गोष्टीवर आदळलं. जीन्सची शिवण, त्यावर लोखंडी बटण.

"अन् हे काय वो, गोदावरी?"

"तुमचं दार, वैनी. लय शोधलं. याच्याहून खरखरीत कापड नाई सापडलं!"

आम्ही हसलो, पुष्पा रडता रडता हसली. गोदावरीने डबीतून सुई काढली आणि पुष्पाच्या हातात दिली. "ओवून दे." मग पट्ट्याचं टोक चाचपलं. ते बंद केलेलं नव्हतं, दोरे तसेच सुटे होते. तिने ते ओढून विमलच्या मांडीवर टाकलं.

"तुह्या घरची एक चिंधी आणजो पुढच्या गुरुवारी. इथून पुढं स्टेशन अन् मग चरोदा."