दहा अक्षरांना एक अंडं

कुरवंड्याहून अंडी आणि भाजी डोक्यावर घेऊन मी लोणावळ्याच्या बंगल्यांवर विकायचो, तेव्हाची गोष्ट. एका बंगल्यातली मडम रोज इंग्रजीत चिठ्ठी लिहायची. तिचा बटलर ती वाचून मला उद्याचा माल सांगायचा. तो दोन डझन अंडी म्हणाला की मी दोन डझन आणायचो. मग मडम म्हणायची, इतकी नकोत. उरलेली बटलर मागच्या दारी अर्ध्या किमतीला घ्यायचा. "परत नेशील तर चढावर फुटतील," असं वर सांगायचा. तिसऱ्यांदा हे झालं तेव्हा मडमने मला बजावलं, पुन्हा जास्त माल आणलास तर येऊ नकोस. माझं घर जास्त करून त्या एका बंगल्यावर चालत होतं.

मी स्वयंपाकघरामागच्या केरातून तिच्या जुन्या चिठ्ठ्या उचलल्या आणि बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या चाचांकडे गेलो. चाचांनी उभा जन्म स्टेशनांच्या इंग्रजी पाट्या रंगवल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसून वाचलं.

"हितं तर हाफ डझन लिवलंय."

मी उठलोच. चाचांनी माझं धोतर धरून खाली बसवलं.

"आज जाशील तर शिव्या घालून येशील. तो म्हनंल, तुला काय वाचता येतं? आदी शिक."

दहा अक्षरांना एक अंडं, असा सौदा ठरला. मी तिथेही घासाघीस केली. कॉलिफ्लॉवरची अक्षरं अकरा, तर वरचं एक फुकट मागितलं. हाफमधला एल तर कुणी उच्चारतच नाही, त्याचं काही देणार नाही म्हणालो.

"आरं, गाडीत निजल्याला मानूस बी तिकीट काढतो," चाचा म्हणाले.

एलचंही दिलं. त्या केरातल्या चिठ्ठ्यांवरच महिनाभर शिकलो. तोवर बटलर कितीही सांगो, मी अर्धा डझनच नेत असे, आणि मडमला कधी कमी पडलं की तो तिच्यापुढे मला आळशी म्हणायचा.

मग एका सकाळी मडम व्हरांड्यात असताना त्याने मला हळूच दोन डझन सांगितलं. मी चिठ्ठीसाठी हात पुढे केला.

"उलटी धरशील," तो हसला.

मडमने त्याला खुणावलं. मी मोठ्याने वाचलं. हाफमधला एलही ठणकावून म्हटला. ज्याचं अंडं मोजलं ते अक्षर गिळायला मन होईना. मडमने हसून उच्चार सुधारला, मग बटलरकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. दुसऱ्या दिवसापासून चिठ्ठी माझ्या हातात येऊ लागली.

मी टोपलीभर अंडी घेऊन चाचांकडे गेलो.

"किती अक्षरांची?"

"अक्षरांची न्हाईत. अशीच."

"मंग ने परत. फुकटचं मी खात न्हाई."

शेवटी त्या टोपलीपोटी त्यांनी मला आणखी शिकवलं. पार्सलची पावती, दुकानाचा करार, वकिलाची नोटीस, पुढे जे जे इंग्रजी कागद माझ्यापुढे आले ते मी स्वतः वाचले. बटलरला मी आजही माफ केलेलं नाही. पण चाचांशी मी अकराव्या अक्षरासाठी हुज्जत घातली, ते आठवलं की मान खाली जाते. सौद्यात मला जास्त मिळालं आणि त्याचा आनंद झाला नाही, असा माझ्या आयुष्यात तो एकच सौदा.