कफ स्वच्छ झाला तेव्हा

आजींच्या पलंगाशी आइस्क्रीमचा रिकामा डबा असायचा. त्यात त्या थुंकायच्या आणि मी तो हात लांब करून, तोंड फिरवून बाथरूममध्ये न्यायची. कफ आधी पांढरा होता, मग पिवळा, मग हिरवट. एका सकाळी त्यात गंजाचा रंग उतरला. माझा चेहरा बघून आजी म्हणाल्या, "खोकतेय मी आणि तोंड तू पाडतेस. मेले नाही गं अजून."

त्याच दुपारी एकेका शब्दाला त्यांना धाप लागायला लागली. मी आधी ॲम्ब्युलन्सला आणि मग ताईंना फोन केला.

मी आजींना सांभाळायला ठेवलेली बाई. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि घरात धाकटी भावंडं होती. आजींच्या लेकीने, म्हणजे ताईंनी, वर्क परमिट काढून मला इथे परदेशात, बिशानच्या फ्लॅटवर आणलं, आजींच्याच खोलीत जागा दिली, जेवायला आपल्या टेबलावर बसवलं. हे मी विसरत नाही. म्हणूनच कायम धास्ती, की माझ्या हातून काहीतरी राहून जाईल. ॲम्ब्युलन्समागोमाग टॅक्सीतून जाताना मी ताईंना फोनवर दहादा विचारलं असेल, "मी उशीर केला का हो?" शेवटी त्या चिडल्या, "अगं, तू होतीस म्हणून निदान कुणी बघितलं तरी."

जंतूंचा न्यूमोनिया होता, दोन्ही फुप्फुसांत. आजींना आयसीयूत नेलं, झोपेचं औषध दिलं, घशातून नळी घातली. भिंतीवर एक पारदर्शक बाटली होती. नर्स बारीक नळीने कफ ओढायची आणि तो त्या बाटलीत साचायचा. मी तिथेही मान वळवली. नर्स केरळची, तोडकंमोडकं हिंदी बोलणारी. ती म्हणाली, "ये गंदा नहीं. इसमें आजी का अपना सफेद सेल है. जर्म को खाता है, फिर मर जाता है. इसलिए ये कलर."

मी मान परत वळवली. आजींचंच काहीतरी मरून त्या बाटलीत पडत होतं आणि मी इतके दिवस ते नाक मुरडून फ्लश करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई पाया लेबार भागातल्या ऑफिसातून आल्या. मी त्यांना डॉक्टरांना विचारायला लावलं. त्यांनी विचारलं आणि कॉरिडॉरमध्ये मला मराठीत समजावलं. या पांढऱ्या पेशी हाडांच्या आत तयार होतात. रक्तातून येतात, फुप्फुसात शिरतात, जंतू खातात आणि तिथेच मरतात. माघारी फिरत नाहीत. पण त्यांच्याजवळचं जंतू जाळायचं रसायन बाहेर सांडतं, त्याने फुप्फुसाच्या नाजूक भिंतीही भाजतात. फार आल्या तर श्वासच अडतो. कमी आल्या तर जंतू आवरत नाहीत.

"मग ताई, देवाकडे मागायचं काय? जास्त येऊ देत की कमी?"

ताई गळ्यातल्या ऑफिसच्या कार्डाशी चाळा करत राहिल्या. "बेताने येऊ देत म्हण."

"मिठासारखं?"

"हो गं बाई, मिठासारखं."

तेवढं मला जमण्यासारखं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून मी तेच म्हणत राहिले, बेताने येऊ देत.

मग एके दुपारी नर्सने कफ ओढला तर नळीतून पातळ, पाण्यासारखं आलं. थोडंसंच. आजींच्या कपाळाला हात लावला, कपाळ गार. मी बाहेर धावले आणि ताईंना व्हॉइस मेसेज पाठवला, "ताई, कफ स्वच्छ झाला! तापही उतरला!" नर्सचा चेहरा मी बघितलाच नव्हता.

ताई हसतच आल्या. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. परत आल्या तेव्हा त्या आधी माझ्या शेजारी बसल्या, मग बोलल्या.

"रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरल्यात. होत्या तेवढ्या वापरून झाल्या. हाडांतून नव्या येतच नाहीयेत."

"आणि जंतू?"

"आहेत तसेच आहेत. खायला कुणी नाही."

त्यानंतर मी त्या बाटलीकडेच बघत बसायची. नर्स नळी घालायला लागली की मी मनात म्हणायची, हिरवं येऊ दे, घाण येऊ दे, गंजाचं आलं तरी चालेल. घरी असताना रोज संध्याकाळी मी आजींची पाठ आणि कंबर तेलाने चोळायची, एकेक मणका माझ्या बोटांच्या ओळखीचा होता. चादरीखालून हात घालून मी कमरेच्या हाडावर तळवा ठेवला. आत आता काही उरलं नाही म्हणतात, हे हाताला पटेना. घरी मी जोरात चोळलं की त्या ओरडायच्या, "अगं कणीक नाहीये ती!" मी जरा जोर लावून बघितला. कुणी ओरडलं नाही.

आजी गेल्या तेव्हा बाटलीत जवळजवळ पाणीच होतं.

सगळं आटोपल्यावर ताई म्हणाल्या, "कामाला दुसरं घर मिळेपर्यंत इथेच राहा. आईची खोली आहेच." मी त्यांच्या कपातला थंड झालेला चहा पुन्हा गरम करून आणला.

काही दिवसांनी मलाच सर्दी-खोकला झाला. सकाळी बेसिनमध्ये थुंकले. बाहेरून ताईंचा आवाज आला, घाबरलेला. "काय गं? कसा आहे?"

"पिवळा आहे, ताई."

त्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "बरं. तरी आज क्लिनिकला जाऊ."

"जाऊ," मी म्हटलं. नळ मी लगेच सोडला नाही.