लिलीबाईंनी काढलेले डोळे

माणूस गेला की रेशनकार्डावरचं त्याचं नाव कमी करतात. हे काम मी सरकारी कचेरीत कैक वर्षं केलं. किस्से कमी करायची सोय मात्र कुठल्याच कचेरीत नाही. ते माणूस गेल्यावर उलट वाढत जातात! लिलीबाईंना जाऊन दीड वर्ष झालं. पेणला नानाशेठच्या गणपतीच्या कारखान्यात आम्ही तीन-चार रिकामटेकडे अजून संध्याकाळी जमतो, आणि रोज त्यांचा एखादा तरी किस्सा निघतो. त्यातले काही माझ्यासमोर घडले होते, तरी मला नव्याने कळतात.

ज्यांना लिलीबाई माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. निडीजवळच्या एका भातशेतीवाल्या घरात त्या मुलगा म्हणून जन्मल्या. ते काही त्यांना पटलं नाही. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला गेल्या आणि ‘मिस लिली’ झाल्या. मोठ्या हॉटेलात, बँडच्या तालावर कॅबरे करणारी त्यांच्यासारखी दुसरी कोणी तेव्हा नव्हती. उतारवयात पेणला खोली घेऊन राहिल्या आणि गणपतीचे डोळे काढू लागल्या. कॅबरेवरून एकदम गणपती हे ऐकून लोक दचकायचे. दचकणाऱ्याला लिलीबाई आधी चहा पाजायच्या.

*

मुंबईचा किस्सा त्यांनीच सांगितलेला.

त्या काळी पुरुष बाईच्या वेषात नाचला, की शेवटी विग काढून दाखवायचा. लोक ‘अरे, हा तर पुरुष!’ म्हणून टाळ्या पिटायचे. हॉटेलचा मॅनेजर लिलीबाईंच्याही मागे लागला. “शेवटी विग काढायचा. पब्लिकला शॉक पाहिजे.”

त्या म्हणाल्या, “देते शॉक.”

शेवटचं गाणं संपलं. बँड थांबला. लिलीबाईंनी दोन्ही हातांनी विग उचलला. खाली कमरेपर्यंत आलेले स्वतःचे केस!

लोकांना नेमकं कशाला टाळ्या वाजवायच्या ते कळेना. मग सगळ्यांनी वाजवल्या. मॅनेजर म्हणाला, “हे काय?” लिलीबाई म्हणाल्या, “शॉक. तुला बसला ना?”

*

माझी-त्यांची ओळख माझ्या टेबलावर झाली. रेशनकार्डाचा अर्ज घेऊन आल्या होत्या. नव्या फॉर्मवर स्त्री, पुरुष आणि तिसरा असे रकाने होते. मी फार सुधारलेला माणूस असल्यासारखा तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवून म्हणालो, “आता तुमचीही सोय झालीय.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “तिसरी? पोस्टरवर माझं नाव कायम सगळ्यात वर असायचं, भाऊसाहेब.”

आणि ‘स्त्री’वर खूण केली.

पुढे व्यवसाय. त्यांनी लिहिलं, कॅबरे. आमच्या हेडक्लार्कना घाम फुटला. “हे नको हो. शेतमजूर लिहू या.”

“लिहा की. पण कोणाच्या शेतात ते पण तुम्हीच लिहा.”

शेवटी जवळच्या नातेवाइकाचं नाव हवं होतं. त्यांनी भावाचं लिहिलं. बाळाराम, मुक्काम निडीजवळचं ते गाव. मी उगाच विचारलं, “हे ओळखतात ना तुम्हाला?”

“ओळखतो तर! म्हणून तर बोलत नाय.”

तेव्हा मी हसलो होतो. कचेरीत पुढच्याचं ऐकण्याआधी हसायची सवय असते.

*

डोळे काढण्याला आमच्याकडे आखणी म्हणतात. मूर्तीचं बाकीचं काम कोणीही करतो, आखणी एखाद्याच हाताला येते. नानाशेठच्या जुन्या आखणीवाल्याला मोतीबिंदू झाला. गणपती तोंडावर आलेले, आणि दीडशे मूर्ती कोऱ्या डोळ्यांनी रांगेत बसलेल्या. लिलीबाई शेजारच्याच खोलीत राहायच्या. त्या दारातून म्हणाल्या, “मी काढते. तीस वर्षं रोज दोन डोळे काढलेत. ते पण चालत्या टॅक्सीत.”

नानाशेठकडे दुसरा इलाज नव्हता. लिलीबाई अंघोळ करून आल्या, लिपस्टिक लावली, ब्रश घेतला, श्वास रोखला आणि दोन मिनिटांत डोळे काढले. नानाशेठ पुढे झाले. मागे सरले.

“बाई, हा गणपती हाय. हा पहिल्या रांगेतल्या गिऱ्हाइकाकडं बघतोय!”

लिलीबाईंनी ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढले.  या वेळी नानाशेठनी नुसते हात जोडले. मूर्तीला की लिलीबाईंना, ते विचारल्यावर आजही चिडतात.

लिपस्टिकचा नेम मात्र तेव्हापासून कायमचा. “मेकअपशिवाय स्टेजवर चढायचं नाय,” असं म्हणायच्या. समोर एक मूर्ती असो की शंभर.

*

डोलवीच्या कंपनीत नोकरी करणाऱ्यांच्या बायकांनी एकदा गॅदरिंगला नाच बसवायला त्यांना बोलावलं. लिलीबाईंनी महिनाभर शिकवलं. नियम एकच. “चुकलात तर थांबायचं नाय, हसायचं. पब्लिकला वाटतं तसंच हाय.”

नाच मध्यावर आला आणि लाइट गेले. गाणं बंद. काळोख. जनरेटर सुरू व्हायला पाच मिनिटं लागली. उजेड आला तेव्हा अठरा बायका स्टेजवर जागच्या जागी उभ्या राहून दात काढून हसत होत्या. पहिल्या रांगेतले मोठे साहेब खुर्चीसकट मागे सरकले!

त्या बायका अजूनही दरवर्षी नाच बसवतात. नव्या सुनांना नियम तोच सांगतात. परवा त्यांच्यातली एक बाजारात भेटली. म्हणाली, “बाईंच्या अंत्ययात्रेत पण आम्ही हसूनच उभ्या होतो हो.” आणि रडायला लागली.

*

आता पाटाचं सांगतो.

इकडे गणपती आणायच्या आधी घरचा लाकडी पाट कारखान्यात पोचवतात. त्यावर घरचं नाव लिहिलेलं असतं. मूर्ती त्या पाटावर बसते आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी पाटासकट घरी जाते. निडीकडून बाळारामचा पाट दरवर्षी नानाशेठकडेच यायचा. पेण काही निडीला जवळ नाही, आणि तिथून जवळच्या रोह्यालाही मूर्ती मिळतात. पण यायचा.

भाऊ टेम्पो घेऊन यायचा तो रस्त्यावरच थांबायचा. मूर्ती नानाशेठ नेऊन द्यायचे. आत लिलीबाई पदराच्या टोकाने ओठ पुसून मागच्या खोलीत बसायच्या. वर्षातून तेवढाच एक दिवस त्या लिपस्टिक पुसायच्या.

एकदा मी विचारलं, “तो आत येत नाही, मग पुसता कशाला?”

म्हणाल्या, “आई गेली तेव्हा साडी नेसून गेले होते. हा दारात उभा. म्हणाला, भाऊ म्हणून ये, नायतर येऊ नको. मी विहिरीवर बसून होते, आईला नेईपर्यंत. तेव्हापासून उंबरा बघितला नाय.” मग ब्रश पुसत, “चुकून आला आत तर पुन्हा तेच नको.”

त्या पाटावरच्या मूर्तीची आखणी त्या सगळ्यात शेवटी करायच्या. आणि दरवर्षी एकच खोड. डोळे किंचित डावीकडे वळलेले.

नानाशेठ वैतागायचे. “लिलीबाई, नजर सरळ पायजे.”

“त्या घरात दार डावीकडं हाय.”

“मग?”

“मग काय? कोणी आलं तर घरात एकाला तरी दिसायला नको?”

एवढी वर्षं तो गणपती दाराकडे बघत बसला. बाळारामने कधी तक्रार केली नाही.

*

त्यांच्या शेवटच्या गणपतीचा हा किस्सा. मी बाकावर बसलो होतो, त्यामुळे यात नानाशेठची भर नाही.

टेम्पो आला. लिलीबाईंनी ओठ पुसले आणि मागे जायला उठल्या. गुडघे दुखत होते म्हणून उठायला वेळ लागला. तेवढ्यात बाळाराम चपला काढून आत आला. सत्तरी ओलांडलेला, टोपी हातात. सरळ स्वतःच्या मूर्तीपुढे जाऊन उभा राहिला. बराच वेळ बघितलं.

“शेठ, यंदा डोळं सरळ पायजेत.”

नानाशेठ चाचरले. “अहो, उद्या चतुर्थी! आता कुठं...”

“थांबतो मी.”

 लिलीबाई हळूच येऊन मूर्तीपुढे बसल्या. फडकं भिजवलं, पुसलं, रंग सुकू दिला, ब्रश घेतला. दोन मिनिटांचं काम, पण त्या दिवशी अर्धा तास लागला. भाऊ पाठीमागे उभा होता. बाहेर टेम्पोवाला हॉर्न मारत होता.

“झालं,” त्या म्हणाल्या. मागे वळून बघितलं नाही.

“मग चल गो.”

“मी? कुठं?”

“डोळं सरळ काढून घेतलं ते कशाला? समोर कोन बसनार?”

लिलीबाई उठल्या. नानाशेठनी हात दिला. लिलीबाईंची नजर फळीवर गेली, तिथे ब्रशांच्या डब्याशेजारी लिपस्टिक होती. त्यांनी हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि ओठांवरून पदर फिरवून दाराकडे निघाल्या.

बाळारामने मूर्ती उचलली होती. त्याने ती पाटासकट पुन्हा खाली ठेवली.

“लाव गो,” तो म्हणाला. “थांबतो मी.”