राजन देवस्थळींच्या शेजारची खुर्ची

राजन देवस्थळी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका कारखान्यात फायनान्स मॅनेजर होते. कारखाना अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचा. बँकेची माणसं त्यांना नावानं ओळखत, आणि मालक जमालसाहेब त्यांना विचारल्याशिवाय कशावरही सही करत नसत. तरी एका मुलाखतीत कुणीतरी "ओन्ली बी.कॉम.?" म्हणून हसलं होतं, ते राजनच्या मनातून कधी गेलं नाही. पन्नाशीला टेकल्यावर त्यांनी दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या एका कॉलेजात, शनिवारच्या एम.एस्सी. फायनान्सला नाव घातलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या हाताखालची मुग्धा केबिनमध्ये आली.

"सर, मीपण तिथेच अ‍ॅडमिशन घेतली! मी अल नहदात राहते, तुमच्या वाटेवरच. एकत्र जाऊ या ना?"

नाही म्हणायला काही निमित्त सुचलं नाही.

पहिल्याच तासाला प्राध्यापक तहांनी विचारलं, कंपनीनं कर्ज काढावंच का? राजनचा हात सगळ्यांच्या आधी वर. "बँक देते म्हणून," ते म्हणाले. वर्ग हसला. मग शेजारच्या खुर्चीतून मुग्धा हळूच म्हणाली, कर्जाच्या व्याजामुळे कर वाचतो, पण एका मर्यादेपलीकडे बुडण्याची भीती ती बचत खाऊन टाकते. तहा लगेच फळ्याकडे वळले आणि तिचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून काढलं. राजन त्या वाक्याकडे तास संपेपर्यंत बघत राहिले. वर्षानुवर्षं कर्जाचे कागद आपण हाताळले, आणि हे सांगायला ही पोरगी!

त्या दिवसापासून त्यांना तिचं सगळंच खुपू लागलं. तिचा पटकन हलणारा पेन, "सर, तुम्हाला समोसा आणलाय" म्हणणं, तिला न कळलेलं काही विचारताना न लाजणं. रस्त्यात ती उत्साहानं शिकलेलं बोलत राही, आणि राजन "हं, हं" करत ट्रॅफिकला शिव्या घालत.

घरी बायकोनं, मृणालिनीनं, एकदा विचारलं, "आज काय शिकवलं?"

"मुग्धानं शिकवलं," ते फणकारले. मृणालिनी भाजी ढवळत राहिली.

मग प्रोजेक्ट आलं. एका कंपनीची किंमत काढायची होती, आणि तहांनी राजन आणि मुग्धाची जोडी लावली. आकडेमोड मुग्धानं केली. सादर करण्याच्या आदल्या दुपारी तिनं फाइल पाठवली: "सर, एकदा नजर घाला ना, प्लीज."

राजननं नजर घातली आणि ते थबकले. करातली बचत तिनं भांडवलाच्या दरात धरली होती, आणि पुन्हा रोख रकमेतही मिळवली होती. एकच फायदा दोनदा. कंपनी आहे त्याहून महाग दिसत होती. ऑफिसात अशी चूक ते चहा पिता पिता पकडत.

त्यांनी फोन उचलला. मग ठेवला. तिला उत्तर लिहिलं, "बेस्ट. यल्ला, होऊन जाऊ दे!"

शनिवारी मुग्धा सराईतपणे बोलत होती. मध्येच तहांनी थांबवलं. "ही बचत इथेही आहे आणि तिथेही. का?" मुग्धा स्क्रीनकडे बघत राहिली. कानांपर्यंत लाल झाली. "सॉरी प्रोफेसर, माझी चूक. देवस्थळीसरांचा यात काही दोष नाही."

राजन ज्या क्षणाची इतके दिवस वाट बघत होते तो हाच. गोडही लागला. पण तिनं दोष स्वतःवर घेतल्यावर वर्गातल्यांनी तिच्याकडे ज्या आदरानं पाहिलं, त्यानं तोंडात कडू झालं. पडली तरी हीच मोठी दिसते!

परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत बसली. अल नहदाच्या सिग्नलला म्हणाली, "सर, तुम्हाला ती चूक दिसली होती ना?"

"नाही गं. नजर चुकली."

"तुमची?" ती एवढंच म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिचा मेसेज आला, मैत्रिणीबरोबर जाते. वर्गातही ती मागच्या रांगेत जाऊन बसली. राजनच्या शेजारी त्यांची बॅग बसू लागली. समोसा बंद झाला. ते सकाळी गाडीत एकटेच असत, आणि शिकलेलं पुन्हा बोलणारं कुणी नसल्यानं त्यांना आदल्या आठवड्याचा धडासुद्धा आठवत नसे. एकदा कॉरिडॉरमध्ये त्यांनी तिला हाक मारली, आणि ती वळल्यावर पार्किंगबद्दल काहीतरी विचारून मोकळे झाले.

दोघंही पास झाले. राजनना बरे मार्क पडले, मुग्धाला वर्गात सर्वांत जास्त. लवकरच तिला दुबई मरीनातल्या एका गुंतवणूक कंपनीत नोकरी लागली. निरोपाच्या केकपुढे जमालसाहेब म्हणाले, "राजन, हिच्यासारखी दुसरी शोध." राजन हसले, टाळ्या वाजवल्या आणि केकचा तुकडा न खाता टेबलावर ठेवून आले.

घरी आल्यावर मृणालिनी म्हणाली, "गेली ना? आता तरी तुमची जळजळ थांबू दे."

"जळजळ कसली?"

"मला काय दिसत नाही का हो?"

राजन बूट काढून आत आले. भिंतीवर फ्रेम केलेली डिग्री होती, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. सोफ्यावर बसून मोबाइल काढला आणि मुग्धाचं प्रोफाइल उघडलं. नव्या ऑफिसातला फोटो होता, मागे काचेतून निळं पाणी. त्यांनी बोटांनी तो फोटो मोठा केला आणि तिच्या टेबलावरचं पुस्तक कोणतं ते वाचायचा प्रयत्न करत बसले.