मामाची मुलगी आणि फॉर्मवरचं ‘नाही’

मशीनवर कॅल्शियमचा आकडा आला, पाच पॉइंट दोन. साडेआठच्या खाली गेला की आम्ही दचकतो. इथं तर पोर जिवंत कसं, हाच प्रश्न होता. नमुना दोन वर्षांच्या मुलाचा. सकाळपासून तीनदा झटके आलेले.

मी लॅबची डॉक्टर. माझा पहिला संशय नेहमी आमच्याच माणसांवर. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं. घाईत कुणी त्या नळीतलं रक्त दुसरीत ओतलं, की खोटा कमी आकडा येतो. पण त्या औषधात पोटॅशियम असतं, त्यामुळं रक्तातलं पोटॅशियम मग आभाळाला भिडतं. ते तर नॉर्मल होतं. म्हणजे आकडा खरा.

बालरोगतज्ज्ञ डॉ. पाठकांना फोन लावला.

“पाच पॉइंट दोन? सलाइनमधून कॅल्शियम सुरू करतो, मॉनिटर लावून,” ते म्हणाले. “दुष्काळ आहे हो मॅडम. घरात दूध नाही, दुसरं काय होणार?”

“पीटीएच पाठवा ना. सलाइन लावायच्या आधी.”

“नमुना पाठवतो. पण थांबणार नाही.”

पीटीएच म्हणजे पॅराथायरॉइड हॉर्मोन. गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, त्या ते बनवतात. रक्तातलं कॅल्शियम घसरलं की पीटीएच वाढतं, हाडांतून कॅल्शियम काढतं, लघवीवाटे जाणारं अडवतं. दूध मिळत नसेल तर हे हॉर्मोन जोरात धावायला हवं.

मशीननं दाखवलं: मोजता येत नाही, इतकं कमी.

आता दोन शक्यता होत्या. एक तर ग्रंथी हॉर्मोन बनवतच नव्हत्या. नाहीतर नमुना उन्हात राहून हॉर्मोन मोडलं होतं. मे महिना. बायपासच्या नव्या टॉवरांना पाणी पोचवणाऱ्या टँकरांनी रस्ता अडवलेला, आणि नमुना आणणारा त्यांच्यातच अर्धा तास अडकला होता. चुकीचा रिपोर्ट गेला तर पोराला विनाकारण जन्मभराचं औषध लागणार. खरा रिपोर्ट मी दाबून ठेवला तर? शेवटी बर्फाचा डबा घेतला आणि आमचे जुने टेक्निशियन शेखभाई यांना घेऊन स्वतःच हॉस्पिटलात गेले.

मुलाची बोटं आखडलेली होती. शेजारी आई बसली होती, मांडीवर दोन महिन्यांची मुलगी. आजी उशाशी उभी.

“गाय छावणीत हाय. दूध कुठून पाजावं?” आजी म्हणाली.

शेखभाईंनी रक्त घेतलं, बर्फात ठेवलं. लॅबवर येताच थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून लगेच मशीनला लावलं. उत्तर तेच. सलाइन सुरू असूनही कॅल्शियम अजून कमीच होतं, म्हणजे पीटीएच वाढलेलं दिसायला हवं होतं.

असा दोष जन्मतः आईबापांकडून येऊ शकतो, म्हणून मी शेखभाईंनी भरलेला फॉर्म पाहिला. ‘रक्ताच्या नात्यात लग्न?’ पुढं ‘नाही’. मी शेखभाईंकडे बघितलं.

“मॅडम, मैंने दो बार पूछा. बुढी अम्मा उलटा मुझपेच भडकी,” ते म्हणाले.

मी परत हॉस्पिटलात गेले. आजीला विचारलं, “सुनेचं माहेर कुठलं?”

“देवगाव रंगारी. माझंबी तेच. भावाचीच पोर केलीय मी.”

“मग मघाशी नात्यात नाही म्हणालात?”

आजीचा आवाज चढला. “नात्यात म्हंजी भावकीत! ते पाप आमच्यात व्हत नाय. मामाची पोर हक्काची असती. तिचं रक्त आमचं कसं?”

सून हळूच म्हणाली, “मॅडम, थोरला माझा असाच झटक्यात गेला. वर्षाचा बी नव्हता.”

मांडीवरची मुलगी शांत झोपली होती. तिच्याकडे बघून मला जी भीती वाटली, ती आकडा बघूनही वाटली नव्हती.

तिचं रक्त घेतलं. कॅल्शियम सहा. तिला अजून एकही झटका आला नव्हता.

काही आठवड्यांनी बाहेरगावाहून जीनचा रिपोर्ट आला. पीटीएच कसं बनवायचं, याची कृती अकराव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. प्रत्येकाकडे तिच्या दोन प्रती, एक आईकडून, एक बापाकडून. या नवराबायकोकडे एकेक प्रत बिघडलेली होती. दुसरीवर दोघांचं निभावत होतं. पोरांच्या वाट्याला मात्र दोन्ही बिघडलेल्याच आल्या.

दोघं भावंडं आता कॅल्शियम आणि शरीराला थेट वापरता येणाऱ्या, तयार व्हिटॅमिन डीवर आहेत. मुलगा चालतो, मुलगी रांगते. थोरल्याचं रक्त कधी कुणी तपासलंच नव्हतं.

आम्ही फॉर्मवरचा तो प्रश्न बदलला. आता विचारतो, ‘लग्नाआधी नवराबायको एकमेकांचे कोण होते?’ नवे फॉर्म छापून आले तेव्हा शेखभाईंनी थट्टेत विचारलं, “मॅडम, आपके घर में कोई?”

माझी आई माझ्या वडिलांच्या मामाची मुलगी. माझ्या बाळंतपणाच्या फाइलवर ‘घराण्यात रक्ताच्या नात्यात लग्नं?’ असा रकाना होता. एमडी होऊन चार वर्षं झाली होती मला. मी ‘नाही’ लिहिलं होतं.