जोड्याच्या आतला पत्ता

बाजारपेठेत तिला सगळे शेपूटताई म्हणत. हे नाव तिने स्वतःच ओढवून घेतलं होतं. इंटरनेटवरच्या पत्त्यात शेवटच्या टिंबानंतर जे येतं, कॉम, ऑर्ग किंवा एखाद्या देशाची दोन अक्षरं, त्याला ती पहिल्यापासून शेपूट म्हणत आली होती. "कुठलं शेपूट लावू?" असं ती इतक्या गंभीरपणे विचारायची, की नवखा माणूस नकळत मागे वळून बघायचा.

तिचं दुकान म्हणजे वह्या-पेन्सिली विकणाऱ्याच्या डोक्यावरची एक खोली. जिना अरुंद, खिडकी रस्त्यावर उघडणारी, टेबलावर संगणक आणि गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी. लोकांच्या धंद्याला इंटरनेटवर नाव मिळवून द्यायचं आणि त्याची मुदत संपत आली की मागे लागून ती वाढवून घ्यायची, हे तिचं काम. त्यात तिची एक पद्धत होती. नाव पक्कं करण्याआधी ती गिऱ्हाइकाला खिडकीशी उभं करायची आणि खाली फुटपाथवर बसणाऱ्या किल्लीवाल्याला तो पत्ता ओरडून सांगायला लावायची. किल्लीवाल्याने तो एका दमात परत म्हटला तर ठीक, अडखळला तर दुसरं नाव शोधा. शिकलेसवरलेले लोक लाजायचे, तरी ओरडायचे. किल्लीवाल्याने नापास केलेलं नाव तिने आजवर कुणाला घेऊ दिलं नव्हतं.

शेपटांबद्दल कुणी विचारलं की तिला चेव यायचा. "दोन अक्षरांचं असलं की ते देशाचं," ती सांगायची. "देशांना दोन-दोन अक्षरं देणारी एक यादी जगात आधीपासून होती, तीच उचलली. तीन किंवा जास्त अक्षरांची असतात ती एका देशाची नसतात. कॉम व्यापारासाठी निघालं, ऑर्ग संस्थांसाठी, पण आता दोन्ही कुणालाही मिळतात. सरकारचं मात्र मागायला गेलात तर हाकलून देतील." जगाची सगळी शेपटं कोणती, याची नोंद एक मोठी संस्था ठेवते. एकेक शेपूट एकेका कचेरीकडे सोपवलेलं असतं आणि ते कुणाला द्यायचं, कुणाला नाही, याचे नियम ती कचेरी ठरवते. "आणि आम्ही?" असं म्हणून ती स्वतःकडे बोट दाखवायची. "आम्ही फक्त खिडकीवर बसणारे." एका फोटोवाल्याने हौसेने टीव्ही असं शेपूट लावून घेतलं होतं. ते समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटांच्या देशाचं आहे हे तिने सांगितलं, तेव्हा तो बिचारा नकाशा शोधत बसला होता.

एका सकाळी जोडेवाले काका जिना चढून आले, मागून काकू. इतरांच्या दुकानात ज्यांच्या पायाला काही बसत नाही, त्यांचे जोडे काका करायचे. एक पाय आखूड, बोटं वाकडी, टाच दुखरी, असे लोक लांबून त्यांच्याकडे येत. प्रत्येक जोड्याच्या नाडीखालच्या जिभेवर, आतल्या बाजूने, ते पितळी ठशाने आपला इंटरनेटचा पत्ता उमटवत. जोडा झिजला, की त्या पत्त्यावरून माणूस बरोबर काकांपर्यंत पोहोचायचा. तो पत्ता त्यांच्या मुलाने घेऊन दिला होता. मुलगा परदेशात, त्यामुळे शेपूट त्या देशाचं.

काका डुगडुगत्या खुर्चीवर बसले आणि बोलायला लागणार, तोच काकू म्हणाल्या, "हे काय सांगणार? मी सांगते. पोरगा कायमचा परत यायचं म्हणतोय आणि हे त्याला येऊ नको म्हणतायत."

"येऊ नको म्हटलं नाही. जरा थांब म्हटलं."

"जोड्यांपायी पोराला अडकवून ठेवणारा बाप मी पहिल्यांदाच बघतेय."

भानगड अशी होती, की मुलानेच फोनवर सांगून टाकलं होतं: हे शेपूट फक्त तिथे राहणाऱ्यांना मिळतं, मी निघालो की पत्ता जाईल. काकांच्या डोळ्यांसमोर गावोगावचे जोडे उभे राहिले, सगळ्यांच्या पोटात मेलेला पत्ता. ते म्हणाले, थांब जरा. आणि तेव्हापासून मुलाचा फोन आला नव्हता.

शेपूटताईने त्या देशाचे नियम पडद्यावर उघडले आणि सावकाश वाचले. मग म्हणाली, "काकांचं खरं आहे."

काकांनी बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

"अर्धंच," ताई म्हणाली.

काकूंनी ती नजर व्याजासकट परत केली.

"त्याचा एक मित्र आहे तिथे," काका म्हणाले. "त्याच्या नावावर करून टाका ना."

"ते मी करत नाही, काका. ज्याच्या नावावर, पत्ता त्याचा. तुमचा नाही."

"फार भला पोरगा आहे तो."

"असेल. पण उद्या तोही तिथून हलायला निघाला, तर? त्यालाही थांब म्हणाल?"

काकू पदराआड हसल्या. मग काकांनी कॉमचं विचारलं. त्या नावाचं कॉम केव्हाच गेलं होतं. तिथे कुणीतरी कुलपं विकत होता. हल्ली जोड्यांचं म्हणून वेगळं, लांबलचक शेपूटही निघालं होतं, ते तिने दाखवलं. पण तिचं मत ठाम होतं. "आपल्याच देशाचं घ्या. तुम्ही इथे आहात, इथेच राहणार. नियम आपल्याला कळतात आणि कचेरीशी भांडायचं झालं तर फार लांब जायला नको."

"आणि जुने जोडे?"

"मला एक सांगा. तुमचा जोडा तुमच्याकडे परत कधी येतो?"

इथे मात्र काकांना कुणी शिकवायला नको होतं. ते पुढे सरकले, खुर्ची डुगडुगली. "वर्षाच्या आत. आखूड पायाचा माणूस टाच एकाच बाजूने झिजवतो. आला नाही तर मीच फोन करतो. वाकडी टाच घेऊन फिरला तर कंबर जाते त्याची."

"मग झालं. तुमच्या मुलाने मुदत नुकतीच वाढवलीय. नियमात स्पष्ट लिहिलंय, घेतलेली मुदत संपेपर्यंत नाव चालू राहतं. तिथे राहत असल्याचा पुरावा पुढच्या वेळी मागतात. तोवर जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला मी नव्यावर पाठवते. आणि टाचेसाठी आलेल्या प्रत्येक जोड्यावर तुम्ही नवा ठसा मारा."

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. "काही जोडे परत येत नाहीत, ताई. कुणी गाव बदलतं. कुणी..."

"त्यांची वाट चुकेल," ती म्हणाली. "आणि नंतर ते नाव तिथलं कुणीही घेऊ शकेल. त्यावर माझ्याकडे इलाज नाही. खोटं कशाला सांगू?"

खोटं बोलली असती तर काका कदाचित आणखी अडून बसले असते. ते हळूच म्हणाले, "इतकी वर्षं ठसा मारतोय. शेवटी ती दोन अक्षरं यायची. पोरगा राहतो त्या देशाची. तिथे हातोडी आपोआप हलकी पडायची."

काकूंनी नवऱ्याच्या बाहीवरचा चामड्याचा भुगा झटकला.

"ठसा नवा करून घेतो," काका उठत म्हणाले. "कुठे ओरडायचं?"

ते खिडकीशी गेले. पायांविषयी दिवसभर बोलणाऱ्या त्या माणसाला ओरडायची सवय नव्हती, पहिल्यांदा आवाज वरच्या वरच राहिला. "काका, मी किल्ल्या करतो, मनातलं ओळखत नाही," खालून किल्लीवाला म्हणाला. दुसऱ्यांदा काकांनी दणदणीत आवाजात नाव, टिंब आणि इथलं शेपूट सांगितलं. किल्लीवाल्याने कानस न थांबवता ते जसंच्या तसं परत फेकलं.

ताईने तिथल्या तिथे नाव घेतलं, काकांच्याच नावावर. मग काकांनी खिशातून फोन काढला. पलीकडून आवाज यायच्या आतच ते म्हणाले, "अरे, ते पत्त्याचं झालंय. तू आपला ये." काकूंनी फोन हातातून काढून घेतला आणि सामान काय काय आणू नकोस ते सांगायला सुरुवात केली.

पुढे शेपूटताई एकदा त्यांच्या दुकानावरून जाताना आत डोकावली. लाकडी साच्यांच्या रांगेखाली मुलगा मांडीवर जुना जोडा घेऊन बसला होता, टाच नवी लावलेली. काकांनी जुना ठसा खरवडू दिला नव्हता. नवा त्याच्या खाली घ्यायचा होता. मुलाने हातोडी उचलली, अंदाज घेतला आणि भीत भीत मारली. काका वाकून बघत होते.

"नाव नीट उठलंय," ते म्हणाले. "शेवटच्या दोन अक्षरांवर आणखी एक मार. जोरात."