पहिल्या रांगेतला सोफा

गावच्या आप्पांनी मला फसवलं. मी माझ्या बापाला, दादांना फसवलं. आप्पांनी जाणूनबुजून, मी न कळता. पण हलगी आली ती दादांच्याच हातात.

दौंडच्या मैदानात नाटक चालू होतं. गाणं रंगात आलेलं. अचानक नट रंगमंचावरून खाली उतरला. पायात घुंगरू, खांद्यावर घोंगडं. लाइटचा गोल त्याच्या मागोमाग आला आणि पहिल्या रांगेत आमच्या सोफ्यावर थांबला. नटानं गळ्यातली हलगी काढून माझ्या बापापुढं धरली. माइकवर म्हणाला, "आता खरा कलाकार वाजवणार."

दादांनी हलगीकडं बघितलं. मग नटाकडं. विचारलं, "कोण गेलं?"

माइक जवळ होता. सगळ्या मैदानानं ऐकलं आणि सगळं मैदान हसलं.

दादांनी विनोद केला नव्हता. आमच्या गावात कुणी मेलं की वस्तीत सांगावा यायचा, आणि दादा हलगी वाजवत प्रेताच्या पुढं चालायचे. पाऊस असो, ताप असो, घरात चूल पेटलेली नसो. हलगी समोर आली म्हणजे कुणीतरी गेलं, एवढंच त्यांना ठाऊक.

माझ्या हातात मोबाइल होता. पोरांना दाखवायला मी शूटिंग करत होतो. दादा पहिल्यांदा सोफ्यावर बसले होते ना. ते हसू सगळं त्यात आलं. मोबाइल खाली घ्यावा हेसुद्धा मला सुचलं नाही.

मी शिक्रापूरला मांडव, लाइट आणि जनरेटरचा धंदा करतो. आधी दुसऱ्याचे बांबू खांद्यावर वाहिले, मग स्वतःचे घेतले. घासाघीस करावी तर मीच. कंपन्यांचे साहेब मला बघितल्याबरोबर चहा मागवतात, कारण लवकर सुटका नाही हे त्यांना माहीत असतं. डोकं तापलं तर लग्नाच्या दिवशी मांडव उतरवून नेईन, अशी माझी ख्याती. असा मी. आणि मला कळलं नाही.

नाटक पुण्याचं. वर्षानुवर्षं चालतंय. एका जुन्या, गाजलेल्या कादंबरीवर बेतलेलं, गाण्यांनी भरलेलं. त्या कादंबरीतला एक उतारा आम्हाला शाळेत धडा होता. त्यात एक हलगीवाला आहे. त्याचं तान्हं लेकरू घरात मरून पडलंय आणि त्याला पाटलाच्या वरातीला वाजवायला बोलावतात. तो चावडीवर जातो, हलगी खाली ठेवतो आणि गाव सोडून निघून जातो. एवढंच. धडा वाचला त्या दिवशी वर्गात मी मान वर केली नव्हती. ते माझ्या घरातलं होतं.

कारण दादांनीही हलगी ठेवली होती. वस्तीत बुद्धवंदना सुरू झाली, गावकीची कामं सोडायचं ठरलं, आणि नेमके त्याच महिन्यात आप्पांचे वडील वारले. गावातलं सगळ्यात मोठं घर. सांगावा आला. दादांनी सांगितलं, "मानसाला खांदा देतो. हलगी वाजवत न्हाई." खांदा कुणी देऊ दिला नाही. प्रेत वाजल्याशिवाय गेलं. दुसऱ्या दिवसापासून गिरणीत आमचं दळण बंद, कुणाच्या रानात काम बंद. दादांनी हलगी भीमेत सोडली आणि दौंडला मालधक्क्यावर पोती उचलायला गेले. माझं शिक्षण त्या पोत्यांवर झालं.

दौंडच्या प्रयोगाचं सगळं आप्पांकडं होतं. मांडवासाठी त्यांनी मला बोलावलं. मी खुर्चीत बसल्याबसल्या सांगितलं, भाडं नको. पहिल्या रांगेत एक सोफा पाहिजे, माझ्या दादांसाठी. तुमच्या शेजारी.

आप्पा कधी पहिल्या बोलीला हो म्हणत नाहीत. त्या दिवशी म्हणाले. वर एवढंच विचारलं, "पर म्हातारा येनार ना नक्की? तुझं र्‍हाऊ दे. त्ये आलं पायजे."

मला तो मान वाटला. समोरचा लगेच कबूल झाला तर वस्तूत खोट असते, हे मी रोज पोरांना शिकवतो. त्या दिवशी विसरलो. छाती फुगली होती.

दादा यायला तयार नव्हते. नाटकात काय ठेवलंय, म्हणाले. मी त्यांना धड्यातला माणूस सांगितला. म्हणालो, तुमच्यासारखाच आहे, तोही हलगी ठेवतो, लोक टाळ्या वाजवतात. मग दादांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला.

नंतर कळलं की प्रत्येक गावात त्या गाण्याला तिथलाच हलगीवाला उठवायचा, ही त्या नाटकाची रीत. लोकांना आवडतं. दौंडसाठी नाव आप्पांनी दिलं होतं.

"वाजवा काका!" मागून शिट्ट्या. दादांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या हातात मोबाइल, त्याचं भिंग त्यांच्यावर. त्या बघण्यात प्रश्न नव्हता. हे मीच ठरवून केलं, अशी त्यांची खात्री झाली होती.

मी उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. चारचौघांत तमाशा नको, असं मला वाटलं. मला. लग्नातले मांडव उतरवणाऱ्या मला.

दादांनी हलगी घेतली आणि वाजवली. हात विसरले नव्हते. पण गाण्याचा ठेका नाही, तो त्यांना येतच नव्हता. त्यांनी मयताचा ठेका धरला, सावकाश, प्रेतापुढं चालताना धरायचा तो. मैदान टाळ्या पिटत होतं. कुणाला फरक कळला नाही. शेजारच्या सोफ्यावर आप्पांनी मात्र डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि मान खाली घातली.

तेव्हा मला कळलं.

मध्यंतरात आप्पा शाल घेऊन आले. दादांच्या खांद्यावर घातली आणि हळूच म्हणाले, "लई दिस झालं. आमच्या म्हाताऱ्याचं तेवढं र्‍हायलं व्हतं."

दादांनी शाल काढली नाही. हात गुडघ्यांत धरून बसले होते. माझ्याकडं न बघता बोलले, "माझं कितीला ठरवलं व्हतंस?"

"काय न्हाई दादा," मी म्हणालो. "मी फकस्त सोफा मागितला व्हता."

बोललो आणि माझंच बोलणं माझ्या कानात शिरलं. आमच्या धंद्यात याला भाव ठरणं म्हणतात.

मी शाल उचलून आप्पांच्या हातात दिली. नाटक पुन्हा चालू झालं तसा मांडवाच्या मागं गेलो. जनरेटर माझा. बंद केला. रंगमंच गेला, लाइटचा गोल गेला, माइक गेला. मैदानात अंधार आणि आरडाओरडा. तोच नट मोबाइलची बॅटरी लावून धावत आला. पोरगा भला वाटला. त्याला म्हटलं, एकच सांग, पुढं तो हलगी चावडीवर ठेवून जातो ना? ते दाखवणार असशील तर आत्ता चालू करतो.

"तो सीन कधीच काढलाय, साहेब," तो म्हणाला. "लोकांना जड जायचा. या गाण्याला वन्स मोअर मिळतो."

मी चालू केला नाही.

टेम्पोत दादा माझ्या शेजारी बसले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. जेवायला वाढलं तर जेवतात. शर्ट त्यांनी पुन्हा घातला नाही. माझ्या मोबाइलमध्ये ते शूटिंग आहे. मी ते पुसणार नाही. जनरेटर बंद करून माझी लाज गेलेली नाही, हे मला रोज कळलं पाहिजे.

आता नाटक शिरूरला येतंय. आप्पांनी माणूस पाठवला होता. म्हणे मी कार्यक्रम नासवला, पाहुण्यांपुढं तालुक्याचं नाक कापलं, येऊन माफी मागावी म्हणजे विषय संपेल. आमच्यातलेही दोघंतिघं म्हणाले, कलेचा मान होता, एवढं काय मनावर घ्यायचं. त्यांना मी विचारलं, तुमच्या बापाला उठवू का मग शिरूरला? उठून गेले.

माफी मिळणार नाही. विषय संपणार नाही.

आप्पा, तुमच्या वडिलांच्या मयताला जो माणूस नाही म्हणाला, त्या नाहीसाठी ज्यानं पोती वाहिली, त्याला म्हातारपणी लाइट मारून, लोकांना हसवून तुम्ही वाजवायला लावलंत. ते सगळ्यांदेखत झालं, उत्तरही सगळ्यांदेखत द्यायचं. शिरूरला मी येतोय. मांडव घालायला नाही. तिकीट काढून पहिल्या रांगेत बसायला. ते गाणं लागलं आणि दुसऱ्या कुणाच्या बापापुढं हलगी आली की मी उभा राहीन, आणि माइक मागणार नाही, माझा आवाज पुरतो. तुमचं नाव घेऊन विचारीन. दादांनी नाही म्हटलं होतं. ते 'नाही' मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

बोला, आप्पा. मला नका सांगू. आमच्या वस्तीत या, दादांच्या पुढं उभे राहा आणि त्यांना सांगा.